धुराची पिकअप आणि आमची म्हैस

माझ्या धाकट्या भावाची पिकअप बघायला लांबून पोरं यायची. मला त्या पोरांचा आणि त्याचा, दोघांचाही सारखाच तिटकारा होता. चाळिशीला टेकलेला माणूस वैरणीची गाडी नटवतो आणि तिच्यापुढे हाताची घडी घालून फोटो काढून घेतो, यात बघण्यासारखं काय आहे ते मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

गाडी घरात आली तेव्हा साधी होती. डिझेलची, पांढरी, मागे उघडा हौदा. पहाटे दुधाच्या किटल्या न्यायच्या, सकाळी शेतातून वैरणीला उसाचं वाढं आणायचं, दुपारी कागलच्या एमआयडीसीत कुणाचे तरी लोखंडी सुटे भाग पोचवायचे, असं तिचं काम. वर्षभर तिने ते निमूटपणे केलं. मग भावाच्या मोबाईलवर कुठल्या तरी परमुलखातल्या गाड्या दिसायला लागल्या. उंच, काळ्या, रुंद चाकांच्या, आणि मागून इतका धूर सोडणाऱ्या की मागच्या माणसाला आपण रस्त्यावर आहोत की चुलीत, ते कळू नये. झालं. त्याच्या डोक्याने घर सोडलं.

आधी त्याने स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी उंच केली. मग दीड माणसाला कवेत न येणारी चाकं घातली. मग बंपर, मग टपावर दिव्यांची रांग, मग काचेवर स्वतःलाच राजा म्हणवून घेणारी अक्षरं. गाडी इतकी उंच झाली की दुधाच्या किटल्या चढवायला दोन माणसं लागायला लागली. तेव्हा त्याने दूध न्यायचंच बंद केलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. कागलच्या कारखान्याचा वॉचमन तो धूर बघून गाडी आत घेईना, तेव्हा ते कामही गेलं. घरचं वाढं तेवढं अजून यायचं, बाकी माल वाहायची गाडी माल सोडून सगळं वाहत होती. पण भाऊ खूश होता, कारण सिग्नलला पोरं माना वळवून बघत होती.

पावसाळ्यात तो मित्रांना घेऊन चंदगडला गेला. तिकडच्या पावसात घाट चढून दाखवायचा होता म्हणे. घाट चढलाही असेल, पण परतताना एका काजूच्या बागेपाशी गाडी चिखलात बसली ती उठेना. शेवटी बागवाल्याने आपल्या जुन्या ट्रॅक्टरने ओढून काढली. त्या सहलीचं रील मी पाहिलंय. त्यात घाट आहे, धूर आहे, ढोल आहे. ट्रॅक्टर नाही.

मी त्याची थोरली बहीण. लग्नाच्या भानगडीत पडले नाही, नोकरी करते आणि नोकरीला जायच्या आधी पहाटे आमच्या म्हशीच्या दुधाचा रतीब घालते. आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, जुन्या मोटारसायकलला दोन बाजूला दोन किटल्या अडकवून. आमच्या गोठ्यात एके काळी दावणभर म्हशी होत्या. आप्पांचे गुडघे गेले तशा त्या एकेक करून गेल्या आणि एकच उरली. तिला नाव होतं, पण ते घरातलं आहे, इथे लिहीत नाही. शिंगं मागे वळून खांद्याला टेकलेली, अंग काळंभोर, आणि स्वभाव असा की अनोळखी माणसाने हात लावला तर दूध वर ओढून धरायची. संध्याकाळी तिला दुधाच्या कट्ट्यावर, म्हणजे गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकतात तिथे, नेलं की लोक दुसऱ्या म्हशी सोडून तिच्या धारेखाली पेला धरायला थांबायचे.

दिवाळीच्या तोंडावर भाऊ जेवताना म्हणाला, "म्हस इकायला काढूया."

"कशाला?"

"टर्बो घालायचाय मोठा. हातकणंगल्याचा गॅरेजवाला घालून देतोय. मग आपल्या जिल्ह्यात अशी गाडी दुसरी न्हाय, आक्का."

मला हसूही आलं आणि घास खाली ठेवावासा वाटला. घरातली एकमेव कमावती बाई म्हणून मी त्या म्हशीला धरत होते, स्वतःला नाही. आणि हा तिला विकून धूर विकत घेणार होता. मी त्याला काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण आप्पांनी ताट सरकवलं एवढं आठवतं.

आप्पा आयुष्यभर म्हशींना ओरडले, पोराला कधी ओरडले नाहीत. तेव्हाही ओरडले नाहीत. ते म्हणाले, "भांडू नका. पाडव्याला म्हशी पळवायच्या हायतच की. दोघंबी आपापल्या गाड्या काढा. म्हस ज्याच्याकडं जाईल, त्याचा शब्द शेवटचा. ठेवायची का इकायची, त्यानं ठरवायचं."

बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशींचा दिवस असतो. त्यांना घासून धुतात, अंगावरचे केस कातरून नक्षी काढतात, शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात, आणि मग मालक सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटारसायकलवर पुढे सुसाट आणि म्हैस त्या आवाजामागे धावत, असं माळावर चालतं. म्हशीला मालकाच्या गाडीचा आवाज पाठ असतो. शंभर गाड्या फटफटत असल्या तरी ती आपलीच उचलते. आप्पांच्या तरुणपणी गवळ्यांच्या पोरांची निम्मी भांडणं अशीच मिटायची. त्यामुळे आपण न्याय केला असं आप्पांना वाटत होतं. मला विचाराल तर त्यांनी नाही म्हणायचं टाळलं आणि ते काम म्हशीवर ढकललं.

तरी मी हो म्हणाले. एक भीती मात्र होती आणि ती मी कुणाला सांगितली नाही. म्हशीला दोन आवाज ओळखीचे होते. एक माझ्या मोटारसायकलचा आणि दुसरा पिकअपचा. रोज वाढं घेऊन येणारी गाडी तीच. पिकअप गल्लीच्या तोंडाला आली की म्हैस रवंथ थांबवून मान वर करायची. भावाने तीच गाडी, तशीच, माळावर आणून उभी केली असती तर माझं काही खरं नव्हतं.

पण त्याला एवढी अक्कल असती तर तो माझा भाऊ कशाला असता. पाडव्याच्या आधी त्याने गाडी हातकणंगल्याला नेली. टर्बो नंतर, पण तोवर नमुना म्हणून गॅरेजवाल्याने डिझेल पंप वाढवून दिला आणि सायलेन्सर मुळापासून कापून हौद्यातून वर जाणारा नळ बसवला. गाडी परत आली ती गल्लीतल्या खिडक्या हलवत. भाऊ खाली उतरून म्हणाला, "आता म्हस दोन मैलांवरनं ऐकंल."

गोठ्यात म्हैस दावं ताणून मागच्या भिंतीला जाऊन चिकटली होती. तिच्या लेखी कुठली तरी परकी गाडी दारात आली होती. मी ते पाहिलं आणि गप्प बसले. ज्या आवाजावर तो बसल्या जागी जिंकला असता, तो आवाज त्याने पैसे मोजून कापून टाकला होता. त्या रात्री मला छान झोप लागली.

पाडव्याला माळ भरला होता. भावाचे मित्र पिकअपच्या टपावर चढून बसले होते, गॉगल लावून, जणू म्हैस त्यांच्याच पोटी जन्मली होती. आप्पा खुर्चीत. म्हैस मधे उभी, दोरी आप्पांच्या एका जुन्या दोस्ताच्या हातात. डाव्या अंगाला मी, आप्पांच्या मोटारसायकलवर. उजव्या अंगाला पिकअप. तिच्या चाकाच्या उंचीलाही माझी गाडी पुरत नव्हती. एक बघ्या म्हणाला, "ताई, बाजूला व्हा, चिरडशीला." मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

दोरी सुटली. भावाने पाय दाबला आणि नळातून काळा लोट निघाला. पुढच्या रांगेतली माणसं खोकत मागे सरली, टपावरच्या एकाचा गॉगल पडला, आणि म्हैस शेपूट उभारून उलटीच फिरली. मी किक मारली. आप्पांच्या गाडीचा तो कोरडा, फुटका आवाज निघाला आणि म्हशीचे कान वळले. मी गाडी सोडली. आरशात बघितलं तर ती येत होती. मान पुढे, कवड्या उडताहेत, पाय माळावर आपटताहेत. लोक ओरडत होते. मला आयुष्यात फार वेळा जिंकल्यासारखं वाटलेलं नाही. तेव्हा वाटलं. त्या एवढ्या मोठ्या धुडाला, त्याच्या दिव्यांना, त्याच्या राजेपणाला एका म्हशीने भर माळावर शेपूट दाखवलं होतं, आणि मला ते त्याच्या मित्रांच्या तोंडावर सांगायचं होतं.

एवढ्यात तो भोंगाट थांबला. भावाने इंजिन बंद केलं होतं. तो केबिनमधून उडी मारून खाली आला, दोन्ही हात तोंडापाशी नेले आणि हाक मारली. "ये माझे बाय, येऽऽ, ये."

म्हैस थांबली.

ही हाक मला ठाऊक होती. म्हैस जन्मली आणि दुसऱ्या दिवशी तिची आई दगावली. रेडकू उभं राहीना. तेव्हा या माणसाने, हो, याच माणसाने, गोठ्यात पोतं अंथरून तिच्याशेजारी मुक्काम ठोकला होता. बाटलीने दूध पाजायचा आणि दर वेळी हीच हाक मारायचा. तेव्हा त्याच्याकडे पिकअप नव्हती आणि तो बरा माणूस होता. मी गाडी रेटत राहिले, तिचा आवाज वाढवत राहिले. आरशात म्हैस वळलेली दिसली. ती पळालीसुद्धा नाही. चालत, मान डोलवत त्याच्याकडे गेली आणि त्याच्या खिशापाशी नाक घालून उभी राहिली.

मी परत येऊन म्हणाले, "गाड्यांची शर्यत होती. ह्यानं गाडी बंद केली."

आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याच्याकडं गेली की गं. मी तेवढंच म्हणालतो."

भाऊ तिच्या गळ्यात हात टाकून उभा होता. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, सुटलो. आता हा तिला विकत नाही. धुराचा पार फज्जा उडाला, गाडी हरली, आणि जनावर याच्या नुसत्या हाकेला आलं. एवढं डोळ्यांनी बघून कुठला माणूस तिला विकेल? मी तसं वाटून घेतलं, कारण तोवर मला त्याच्याबद्दल थोडी आशा होती.

पुढच्या बाजाराला त्याने सौदा केला. मी विचारलं तर म्हणाला, "शब्द माझा हाय न्हवं? गॅरेजवाला खोळंबलाय."

न्यायच्या दिवशी आणखी एक गंमत झाली. त्याची पिकअप इतकी उंच करून ठेवलेली की म्हैस तीत चढवायची सोयच नव्हती. फळी लावली तर ती उभ्या शिडीसारखी दिसायला लागली. ज्या गाडीसाठी म्हैस चालली होती, ती गाडी तिला बाजारापर्यंत नेण्याच्याही लायकीची नव्हती. मग दुसऱ्याचा साधा टेम्पो आला. टेम्पोवाल्याने मागचा फाळका पाडून फळी लावली, पण म्हैस चारी पाय रोवून उभी राहिली. दोघांनी ओढलं, एकाने मागून रेटलं, ती ढिम्म. भावाने शेपूट पिरगाळू दिली नाही, एवढं त्याचं पुण्य.

मग तो माझ्याकडे आला. खरंच आला. "आक्का, मोटारसायकल जरा चालू करतीस काय? टेम्पोपर्यंत नुसती. तुझ्यामागं येती ती."

माझ्या हातात किल्ली होती. मी ती पदरात बांधली आणि म्हणाले, "तुझी म्हस. तूच ने."

तो मागे वळला. मग टेम्पोच्या हौद्यात चढला, आतल्या टोकाला जाऊन उकिडवा बसला आणि हाक मारली. मोठ्याने नाही. रेडकाला मारायचा तेवढ्याच आवाजात.

म्हशीने कान हलवले. कुणी दोरी धरली नव्हती, कुणी मागून रेटत नव्हतं. तिने पुढचा एक पाय फळीवर ठेवून पाहिला, मग दुसरा ठेवला, आणि चढून त्याच्यापाशी गेली.

खाली उतरून भावाने फाळका लावला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नाक ओढत तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला, मी काही म्हणेन म्हणून. मी गोठ्यात गेले आणि शेण भरायला घेतलं. विकायचा हक्क त्याने जिंकला होता. रडायचा नाही.