गटाचं वजन

समोरचा माणूस ताटावरून उठायच्या आधीच मामांचा डावा हात पुढे यायचा. "टाकू नगा. आणा इकडं." असा एखादा तुम्हीही पाहिला असेल. त्याला हावरट म्हणून आपण मोकळे होतो. मीही म्हणत असे.

मी चिंचवडच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होते. मामा क्रेन चालवायचे. छताखालची क्रेन, लोखंडी शिडी चढून जायचं. बाहत्तरच्या दुष्काळात बीडकडून आलेले. त्याबद्दल एकदाच बोलले, "खडी फोडली, सरकारी सुकडी खाल्ली. आमची रांग संपायच्या आत पातेलं संपायचं." पुढे काही विचारायची सोय नव्हती.

ऐंशीच्या सुमाराला आमच्या डॉक्टरांनी जाड कामगारांचे गट केले. एकेकट्याला सांगून कुणी ऐकत नाही, पाच जणांनी एकमेकांना सांभाळावं, हा त्यांचा विचार. तो चुकीचा नव्हता. शिफ्टआधी कंपाउंडला दोन फेऱ्या, कँटीनमध्ये निम्मं जेवण, शनिवारी माझ्याकडे वजन. पाचांची बेरीज उतरली की गट पास. नाही उतरली, तर ज्याची तब्येत सगळ्यात वाईट त्याला जोखमीच्या कामावरून काढायचं. मामांच्या गटातले बाकीचे चौघे लेथवरचे.

चौघांनी नियम पाळला. चारातल्या दोन चपात्या ताटातच ठेवू लागले. त्या उष्ट्याच्या बादलीत जाणार, हे मामांना बघवेना. रोज आठ चपात्या त्यांच्याकडे जमायच्या, पगाराच्या दिवशी जिलबीही.

"मामा, आमची चरबी तुमच्याकडं बदलून आली राव!" एक जण म्हणायचा.

"येऊ द्या. घर मोठं हाय." मामा पोटावर थाप मारायचे.

चौघे भराभर उतरले, मामा चढत गेले. बेरीज मात्र दर शनिवारी खाली. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, बेरीज बघायचे, शाबासकी द्यायचे. एका शनिवारी मी मामांना थांबवलं. रक्तदाबही भलताच वाढला होता.

"आता मी डॉक्टरांना सांगते."

"नगा सिस्टर. गटाचं उतरलंय ना?"

"गटाला झटका येत नाही, मामा. तुम्हाला येईल."

ते शर्टाची गुंडी लावत राहिले. मग म्हणाले, "खाली मला कुणीबी हाकलतंय. वर मी दांडा ओढल्याबिगर काय हलत न्हाई. तेवढं काढू नगा."

मी त्यांना एक महिना दिला. द्यायला नको होता. दुसऱ्याच्या ताटाला हात लावायचा नाही, असं बजावलं. "व्हय," म्हणाले. पुढचे तीन आठवडे मी कँटीनमध्ये त्यांच्या टेबलाकडे पाठ करून जेवले.

चौथ्या आठवड्यात, पहिल्या शिफ्टला, खालून इशारा झाला आणि क्रेन हलली नाही. एक जण वर गेला. मामा दांड्यावर डोकं टेकून बसले होते.

शिडी अरुंद. चौघांनी त्यांना पट्ट्यांत बांधून खाली सोडलं. चौघेही आता हलके झालेले. वजन पेलवेना, दोनदा हात सुटता सुटता राहिले. मी खाली उभी होते. स्टेथोस्कोप लावला. लावायचा म्हणून.

डॉक्टर म्हणाले, "हा गट तर उत्तम चालला होता ना?"

मी रजिस्टर उघडून एकेकाचं वजन दाखवलं. "बेरीज उत्तम होती, साहेब."

त्यांनी मामांच्या आकड्यांवरून बोट खाली आणलं. मला का नाही सांगितलं, असं विचारतील असं वाटलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी चौघे नेहमीच्या टेबलावर बसले. सवयीने प्रत्येकाने दोन चपात्या काढल्या आणि मधल्या रिकाम्या ताटात ठेवल्या. ठेवल्यावर थांबले. बादलीवाला आला, त्याला कुणी हात लावू देईना. खाईनाही कुणी. भोंगा झाला तसे ते उठून गेले.

मी ताट उचललं आणि बादलीत उपडं केलं. कुणीतरी ते करायलाच हवं होतं.