झीलकऱ्याच्या जागी सॅक्सोफोन

आमच्या भागात देवीची गाणी एकट्यानं म्हणत नाहीत. आराधीण ओळ टाकते, मागं बसलेला झीलकरी ती उचलतो, वर नेतो आणि परत तिच्या स्वाधीन करतो. आक्का, माझी थोरली बहीण, येरमाळ्याच्या देवीची आराधीण होती. मी तिचा झीलकरी. माझा आवाज फुटून नीट व्हायच्या आधीच तिनं मला मागं बसवलं होतं, कारण दुसरं कोणी मिळत नव्हतं.

एरवी मी शेळ्यांचा व्यापार करतो. लोकांच्या शेळ्या चालत बाजाराला पोचवण्यापासून सुरुवात केली, आज स्वतःचा पिकअप आहे. मला कुणी काही दिलेलं नाही. जे मिळवलं ते बोलून, भांडून आणि वेळ आली की सौद्यावरून उठून जाऊन मिळवलं. मला फसवून गेलेला माणूस दाखवा, असं मी बाजारात उघड म्हणायचो. आता म्हणत नाही.

पुण्याहून एक पोरगा आला. त्याची आई आमच्या गावची, म्हणून मला मामा म्हणायचा. सॅक्सोफोन वाजवायचा आणि त्याला आपला पहिला अल्बम काढायचा होता. आक्काची गाणी हवी होती.

"लोकसंगीत, जॅझ आणि ॲम्बियंट, तिन्ही एकत्र करायचंय, मामा."

"जॅझ ऐकलंय मोबाईलवर. ते तिसरं काय?"

"ॲम्बियंट म्हणजे जागेचा आवाज. वारा, भांडी, पाखरं."

"वारा बी नेणार? मग त्याचा भाव येगळा."

आक्का निवडायला घेतलेल्या तुरीवरून मान वर करून हसली. "त्याच्या नादी लागू नका, बाबा. त्यो देवीचा नारळ बी घासाघीस करून घेतो."

मी घासाघीस केलीच. दोनदा उठून गेलो, दोनदा त्यानं परत बोलावलं. मोबदला मला हवा तोच ठरला. प्रत्येक गाण्याखाली आक्काचं नाव येणार. विचारल्याशिवाय गाणं सिनेमाला किंवा जाहिरातीला द्यायचं नाही. डीजेचा धांगडधिंगा घालायचा नाही. मंगळवारी तिचा उपवास, त्या दिवशी गायला बसवायचं नाही. पोरगा सगळ्याला हो म्हणाला. झील ठेवायची, एवढं मी ठरवलं नाही. ते ठरवायचं असतं हे कुणाच्या डोक्यात येईल? शेळी विकत घेताना तिचे पाय सोबत देणार का, असं आम्ही विचारत नाही.

रेकॉर्डिंग आमच्याच घरी झालं, भर दुपारी. आक्काला आतल्या खोलीत बसवलं, भिंतींना वाकळा टांगल्या. पोरगा मला म्हणाला, "मामा, तुम्ही पलीकडं बसा. दोघांचे आवाज एकमेकांत मिसळायला नकोत." पलीकडं म्हणजे सोयाबीनच्या पोत्यांत. दोघांच्याही कानांवर हेडफोन, समोर माझा स्वतंत्र माईक. मला तो मान वाटला. दुसऱ्या दिवशी हॉटेलात चार जणांना सांगितलंही, मला वेगळा माईक होता म्हणून.

आक्का दिसत नव्हती. एरवी मी तिच्या मानेकडं बघून गायचो; ओळ संपायच्या आधी ती मान किंचित डावीकडं झुकायची. त्या दिवशी फक्त कानावर गायलो, आणि हेडफोनमध्ये ती इतकी जवळ होती की तिचा श्वास माझाच वाटत होता. संपल्यावर ती पोत्यांच्या खोलीच्या दारात आली.

"आज वर गेलास," म्हणाली.

तिनं माझ्या गाण्याचं केलेलं एवढंच कौतुक. ते तिथंच, पोत्यांत उभ्या उभ्या.

त्याच हिवाळ्यात आक्का गेली. छाती भरली, धाराशिवला दवाखान्यात नेली, तिथून घरी आणायची वेळ आलीच नाही. तिची परडी आणि कवड्यांची माळ पुढं कुणी घ्यायची, यावरून घरात बोलणं निघालं. घरातल्या पोरी म्हणाल्या, आम्हाला जमणार नाही. सुना चुलीकडं उठून गेल्या. परडी देवळात नेऊन ठेवली.

अल्बम त्यानंतर आला. पोरगा स्वतः घेऊन आला, पेढे आणि छोटा स्पीकर घेऊन. अंगणात खाटेवर बसवून त्यानं मला ऐकवला. आधी नुसता वारा. आमच्याच पत्र्याचा आवाज मी ओळखला, भांडं घासल्याचाही. मग आक्का आली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. तिची ओळ संपली, सवयीनं माझं तोंड उघडलं, आणि माझ्या जागी सॅक्सोफोन वाजला.

दुसऱ्या ओळीलाही तोच. तिसऱ्यालाही.

"माझं कवा येतंय?" मी विचारलं.

त्यानं स्पीकरचा आवाज कमी केला. "मामा, एकच आवाज हवा होता. तुमच्या आवाजानं सगळं देवळातलं वाटत होतं."

"मग कुठलं हाय ते? पुण्याचं?"

"राग मानू नका. लोकांना फार आवडलंय."

"माझ्या बहिणीच्या वळीला पिपाणी उत्तर देती, आन् म्या राग मानू नगं?"

मी त्याच्या कॉलरला हात घातला. घरच्यांनी मधे पडून सोडवलं. शर्ट नीट करत तो म्हणाला, "जे जे ठरलं होतं, ते सगळं मी पाळलंय, मामा." आणि ते खरं होतं. आजही मला जाळतं ते हेच. खोटा निघाला असता तर मी त्याला बाजारात बसून उत्तर दिलं असतं. अल्बमवर माझं नावही आहे. आभारात, चहा पुरवणाऱ्याच्या शेजारी.

थोड्या दिवसांनी मीच फोन केला. म्हटलं, अल्बम तुझा तुला लखलाभ, आम्ही दोघं एकत्र गायलो ते तेवढं दे. तो म्हणाला, "तुमचा ट्रॅक ठेवला नाही, मामा. वापरायचा नव्हता, म्हणून काढून टाकला." मी विश्वास ठेवला नाही. घेतलेलं सगळं परत देतो म्हणालो. आधी शिव्या दिल्या, मग विनवलं, मग पुन्हा शिव्या दिल्या. जन्मभर सौदे केले, पण समोरच्याकडं मालच नसला तर काय बोलायचं, ते मला येत नाही.

त्यानं आक्काचा एकटीचा आवाज पाठवला. सॅक्सोफोन नाही, वारा नाही, काही नाही.

तो लावून मी दुपारी गायला बसतो. ती ओळ टाकते आणि थांबते. त्या थांबण्यात पूर्वी मी होतो; आता तिथं घराचा पंखासुद्धा ऐकू येत नाही, इतकं स्वच्छ करून पाठवलंय. मी झील धरतो. माझा दम आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, ओळ ओढायला वेळ लागतो. आक्का समोर असताना माझी ओळ पुरी झाल्याशिवाय ती पुढं कधी गेली नाही. मला खोकला आला तरी झांज वाजवत सावरून घ्यायची. आता मी वर पोचायच्या आत तिची पुढची ओळ सुरू होते. मी मधेच तुटतो. ती थांबत नाही.