बहिरा ठरलेला बैल

उदगीरचा बैलांचा दलाल नागप्पा म्हणजे पायाला भिंगरी आणि जिभेलाही. घरात कानडी, बाजारात दखनी, कचेरीत मराठी, देगलूरकडचं गिऱ्हाईक आलं की तेलुगू. कुठून कुठं उडी मारली, हे त्याचं त्यालाच कळत नसे. दखनीत तो नवाबासारखा लवे, मराठीत अंगावर येई आणि कानडीत आईसारखा मऊ होई.

त्या सकाळी औशाच्या अण्णारावांनी व्हॉट्सअपवर बैलाचा व्हिडिओ पाठवला, मागून फोन.

"बैल बहिरा दिलास, नागप्पा. चल म्हणून म्हणून घसा बसला. उद्या बाजारात आणून बांधतो, सगळ्यांसमोर."

नागप्पाच्या हातातला चहा निवला. तीस वर्षांत त्यानं दिलेला एकही बैल परत आला नव्हता. तेवढ्यावरच तर लोक त्याच्या शब्दाला मान देत. लातूरपर्यंत एसटीत जागा असून तो उभाच राहिला, गाडी आपणच ढकलत असल्यासारखा. पुढं औशापर्यंतही तेच.

रानात बैल औताला जुंपलेला. गावातली चार माणसं बांधावर मजा बघायला बसलेली. बैल निवांत रवंथ करत होता.

"बाजारात तर झ्याक चालला की," म्हणत नागप्पानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "नडी अप्पा, नडी."

बैल चालू लागला.

"निल्लु."

थांबला.

"काय म्हणालास त्याला?" अण्णारावांनी विचारलं.

"काय म्हणालो?"

नागप्पाला खरंच ठाऊक नव्हतं. मग डोक्यात उजेड पडला. बैल कर्नाटकातल्या भालकीकडच्या गौरम्माच्या दावणीचा. त्यानं जन्मात मराठी ऐकली नव्हती. आणि बाजारात चालवून दाखवताना नागप्पाही कानडीतच बोलला होता.

"दोन शब्द शिका, मालक. काम झालं."

"मी बैलाशी कानडी बोलू? गाव हसंल. घेऊन जा तुझं जनावर."

नागप्पाचा चेहरा उतरला. तेवढ्यात भाकरी घेऊन आलेल्या अण्णारावांच्या बायकोनं, सिंधुबाईंनी, त्यांच्यासमोर टोपलं आदळलं.

"देगलूरहून मी आले, तवा मला तुमचं बोलणं कळंना. शिकले. बावीस वर्षांत माझ्या तेलुगूचा एक शब्द तुमी शिकला न्हाई. मी बायको होते, चाललं. ह्यो बैल हाय. ह्यो न्हाई ऐकायचा."

बांध खदखदून हसला. अण्णारावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत पुटपुटले, "नडी."

बैल असा निघाला की मालक मागं फरफटत. पार दुसऱ्या बांधापाशी पोचल्यावर हाक आली, "आरं, थांबवायचं काय म्हणून?"

नागप्पानं सांगायला तोंड उघडलं. सिंधुबाईंनी हात आडवा केला आणि नागप्पाकडं वळून, इतक्या वर्षांनी, तेलुगूत, अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "घाई काय हाय, अन्ना? फिरू दे की जरा."