शकूताईचे हवालदार

निरोप आला तेव्हा मी कॉलेजच्या गॅदरिंगसाठी नकलांची तालीम करत होतो. मित्र दारात येऊन म्हणाला, घरी जा, शकूताई गेली. मला वाटलं, हाही कुणाची तरी नक्कलच करतोय...

शकूताई माझी मावसबहीण, चोवीस वर्षांची. मावशीच्या घरी मागावर चादरी विणायचे, ही त्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. मग गालांवर लाल चट्टे उठले, सांधे सुजले, ताप उतरेना. मोठ्या डॉक्टरांनी ल्युपस असं नाव सांगितलं आणि वर म्हणाले, ऊन टाळा. सोलापुरात! आमच्याकडं मे महिन्यात सावलीलासुद्धा घाम येतो. ही बिचारी छत्री उघडून नळावर जायची, आणि गल्ली विचारायची, पाऊस कुटं पडतोय बाई?

डॉक्टरांकडं मी सोबत जायचो, कारण घरात शिकलेला मीच. त्यांनी बिचाऱ्यांनी नीट समजावलं होतं. रक्तात टी पेशी असतात. त्यातल्या काहींचं काम हवालदाराचं, बाकीच्या शिपाई पेशींना आवरायचं. या आजारात ते आवरणंच सुटत असावं, मग अंगातले शिपाई आपलंच घर झोडपतात. आजार भडकला की रक्तातल्या टी पेशी कमी झालेल्या दिसतात. का, ते अजून कुणालाच पक्कं ठाऊक नाही. तोवर या गोळ्या शिपायांना दाबून ठेवतील. मध्येच बंद केल्या तर जिवावर बेतेल.

आणि मी हे घरी सांगितलं कसं? सोंग करून. डॉक्टरांचा नाकातला आवाज, कपाळावर चढवलेला चष्मा, घोरणारा हवालदार, भिंतीला लाथा घालणारे शिपाई. शकूताई कांडी सोडून पोट धरून हसली. शेवटचं वाक्य त्या हशात गेलं. मला वाटलं, सांगून झालं.

मावशीनं त्यातनं एवढंच घेतलं की हवालदार कमी पडलेत, आणि गोळ्या उरलेल्यांनाही दाबतायत. तिनं गोळ्या बंद केल्या आणि डिंकाचे लाडू सुरू केले, हवालदारांना ताकद यायला. शकूताईनंही हूं की चूं केलं नाही. गोळ्यांनी तोंड लई सुजायचं, ते तिला नकोच होतं. काही दिवसांनी मी गेलो तर चेहऱ्याची सूज उतरलेली. आणि मी दीडशहाणा तिला म्हणालो, "आता कशी छान दिसतीस बघ." अरे, एकदा तरी विचारावं की नाही माणसानं, गोळ्या घेतेस का म्हणून... पुढच्याच महिन्यात मूत्रपिंडं गेली. डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

परवा गेलो होतो. शकूताईच्या जागेवर बसून मावशी कांड्या भरत होती. हात न थांबवता म्हणाली, "डाक्टर नेमकं काय म्हणलं हुतं रे? सोंग नगं. नुसतं सांग."

सांगितलं. चार वाक्यं होती. चहा गार व्हायच्या आत संपली.

"मग तवा असं का न्हाय सांगितलंस?"

सांगितलं हुतं की, तुमीच सगळी हसत हुता... हे अगदी ओठांवर आलं होतं. पण हसवत तर मीच होतो.