पोळ्याचं दावं

भाद्रपदी पोळा, १९५७. चिंचवडचं आमचं घर. हजर: माझे आजोबा म्हणजे आबा, आई, दोन्ही चुलते आणि मी. बैल गैरहजर. जमीन कारखान्याकडे गेल्यावर चुलत्यांनी ते विकले होते.

आज चाकणच्या बाजारात तेलात कालवलेल्या हिंगुळाचा वास आला आणि बैलांची शिंगं न रंगवता गेलेला तो पोळा आठवला.

आबांना बैल विकल्याचं आठवत नसे. रिकामा गोठा पाहून त्यांनी आईच्या खांद्यावर काठी घातली. "चोरटे, माझी जनावरं कुठं बांधलीस?"

बैल विकणारे दोघे ओसरीवर पुरणपोळी खात होते. थोरला तालमीतला पैलवान. तो ताट घेऊन आत पळाला आणि दाराआडून म्हणाला, "म्हाताऱ्याला लागीर झालंय. खांबाला बांधा." धाकट्यानं दावं आणलं आणि लांबूनच फेकलं.

आईनं ते उचलून आबांच्या हातात दिलं. "आबा, बैलं नदीवर धुवाया नेल्यात. दाव्याचा पीळ सुटलाय, तेवढं वळून ठेवा." आबांनी काठी टाकली आणि खाली बसून दावं वळायला घेतलं.

"वैनी, तूप हाय का?" आतून थोरल्यानं विचारलं.

तेव्हा चुलते मला मोठे वाटायचे. आता आबांच्या आजाराला डॉक्टरांकडे नाव आहे, चुलत्यांच्या आजाराला अजून सापडलेलं नाही. थोरल्याचा मुलगा दर पोळ्याला मला जेवायला बोलावतो आणि आपल्या बापानं आबांना कसं सांभाळलं ते पाहुण्यांना सांगतो. त्या पंगतीत आईच्या खांद्याबद्दल सांगायचं माझं काम अजून बाकी आहे.