एव्हान्थियाने एकदाच क्रूस काढला

आमच्या बेटावरच्या गावात चर्चवरून जाताना जो छातीवर क्रूस काढत नाही तो एक तर आंधळा, नाहीतर यहोवावाला, म्हणजे दारोदार मासिकं वाटणाऱ्या पंथातला. बसचा ड्रायव्हरसुद्धा त्या वळणावर स्टिअरिंग सोडून तीनदा क्रूस काढतो आणि आम्ही जीव मुठीत धरून बसतो. माझी थोरली बहीण एव्हान्थिया मात्र काढायची नाही. मान खाली घालून भराभर निघून जायची, नाहीतर सरळ मागच्या चिखलाच्या गल्लीने.

ताई शिवणकाम करते, लग्न केलेलं नाही. अर्ध्या गावाच्या पँटींना तिनेच चेन लावून दिल्यात. आणि त्याच पँटी घालून लोक कॉफीच्या दुकानात बसून म्हणायचे, "एव्हान्थियाने धर्म सोडला. मासिकं वाटणाऱ्या बायका येतात म्हणे तिच्याकडे." डोंबल येतात! येतात त्या ब्लाउज सैल करून घ्यायला.

मला मुलगी झाली तेव्हा मी जेवता जेवता सांगून टाकलं, बाप्तिस्म्याला धर्ममाता ताईच होणार. माझ्या सासूबाईंनी, पोलिक्सेनीबाईंनी, काटा खाली ठेवला.

"जिला स्वतःचाच धर्म नाही, ती माझ्या नातीला धर्म देणार?"

"सासूबाई, तिला आजार आहे. मितिलिनी शहरात डॉक्टरांकडे जाते ती."

"आजार गुडघ्याला होतो, झांबेता. श्रद्धेला नाही होत."

माझा नवरा स्ट्रातिस ऑलिव्हच्या बिया ताटात टाकत राहिला. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. "ताई नाही, तर बाप्तिस्माच नाही," मी म्हटलं. "नाव बाप्तिस्म्यातच मिळतं ना? मग राहू दे पोरगी बिननावाची, लग्नातसुद्धा बेबाच म्हणा तिला!" सासूबाईंनी काटा पुन्हा उचलला. मला वाटलं, जिंकले.

आजाराचं मलाही अर्धवटच ठाऊक होतं. क्रूस काढायला लागली की ताईला थांबता येत नाही, एवढं मी पाहिलं होतं. एक बिघडला की दुसरा, तो बिघडला की तिसरा. एकदा भर पावसात चर्चसमोर उभी राहून काढत होती, शेवटी मी दंडाला धरून ओढून आणली. काय बिघडतं, ते तिने कधी सांगितलं नव्हतं. मला आपलं वाटायचं, हात वाकडा जात असेल.

बाप्तिस्म्याच्या दिवशी ताई बेबाला घेऊन चर्चच्या पायऱ्या चढली, तर सासूबाई दारात आडव्या.

"आधी क्रूस काढ. सगळ्यांसमोर. मग माझ्या नातीला आत ने."

ताईने बाळ डाव्या हातावर घेतलं, एक क्रूस काढला आणि मूठ घट्ट आवळून खाली सोडली.

"एकच?" सासूबाई कडाडल्या. "ख्रिस्ती माणूस तीनदा काढतो! बघा रे सगळ्यांनी!"

"डॉक्टरांनी एकच सांगितलाय. पाद्रीबाबाही तेच म्हणाले."

"डॉक्टर कोण लागून गेला? तुझी श्रद्धा आहे की नाही, ते सांग."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "मला कळत नाही, काकू," ती म्हणाली. "हात उचलला की माझ्या डोक्यात देवमातेला घाणेरड्या शिव्या येतात. बंदरावरचे लोकही देणार नाहीत अशा. मी आणत नाही, त्या येतात. मग तो क्रूस बाटला, म्हणून दुसरा. त्यातही त्याच येतात."

अभद्र टळावं म्हणून कुणीतरी "फ्तू, फ्तू" करून थुंकलं. माझी ताई! जिने जन्मात कुणाला गाढव म्हटलं नाही! आणि खरं सांगते, क्षणभर मलाच वाटलं, माझं लेकरू हिच्या हातातून काढून घ्यावं. असं मला, तिच्या सख्ख्या बहिणीला वाटावं, याने मी जास्त हादरले.

तेवढ्यात पापा-आर्सेनिस, आमचे पाद्रीबाबा, बाह्या वर करत बाहेर आले. "त्या शिव्या आवडल्या असत्या तर ती अशी थरथरली असती का गं, पोलिक्सेनी? सर बाजूला, पाणी गार होतंय. एव्हान्थिया, दाराकडे तोंड कर."

सैतान पश्चिमेला, म्हणजे आमच्या चर्चच्या दाराकडे. आणि बाळाच्या वतीने उत्तर देणाऱ्या धर्ममातेला प्रश्न तीन तीनदा विचारायचा, हा तर नियमच.

"सैतानाला नाकारलंस?"

"नाकारलं."

"नाकारलंस?"

"नाकारलं."

तिसऱ्यांदाही नाकारलं. चौथ्यांदा तिचे ओठ उघडले, मी पाहिलं. ताईने ओठ चावून धरले. मग सैतानाच्या तोंडावर फुंकर मारायची असते ती तिने मारली, आणि दारात अजून सासूबाईच उभ्या होत्या. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

नाव काय ठेवायचं, हे मी ताईवरच सोपवलं होतं. पाद्रीबाबांनी विचारलं, तेव्हा ती खणखणीत आवाजात म्हणाली, "पोलिक्सेनी." सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ताईशी मात्र त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

जेवणावळीत सगळे कोकराच्या मटणावर तुटून पडले होते, तेव्हा ताईने मला स्वयंपाकघराच्या मागे ओढलं.

"झांबेता, नाव घेताना माझ्या तोंडून दुसरं काही नाही ना गेलं? नाकारलं ते मनापासून नाकारलं ना मी? तू ऐकलंस. माझी श्रद्धा आहे ना गं? एकदा सांग. एकदाच."

डॉक्टरांनी मला बजावून ठेवलं होतं की हिच्या या प्रश्नांना 'हो' म्हणायचं नाही. आज 'हो' ऐकलं की उद्या दहा हवे होतील, आजार त्यावरच पोसतो. सगळ्या गावाशी भांडताना माझी जीभ कधी अडखळली नव्हती. 'आहे गं माझे आई, आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त आहे,' असं ओरडून सांगावंसं वाटत होतं मला.

मी तिचे दोन्ही हात धरून गप्प उभी राहिले.

ताईने हात सोडवून घेतले. "म्हणजे तुलाही शंकाच आहे," ती म्हणाली, आणि मी तेही खोडलं नाही.