मुद्रितशोधकानं साफ केलेलं पान

जयवंत खडप्याच्या लेखी माणसं दोनच प्रकारची होती. एक ज्यांना पान मांडता येतं ती, आणि दुसरी उरलेली. पहिल्या प्रकारात तो एकटा होता. दुसऱ्यात झाडून सगळी मुंबई येत होती, बायको अंबिका धरून.

गिरगावातल्या एका छापखान्यात त्यानं एकतीस वर्षं मुद्रितं तपासली. पंचांगं, लग्नपत्रिका, शाळेची गाईडं, ज्ञातिसंस्थांचे अहवाल. छापखाना बंद झाला तेव्हा मालकानं शाल घातली आणि मानपत्र दिलं. यानं ते व्यासपीठावरच वाचलं आणि त्यातल्या तीन चुका पेनानं दुरुस्त करून परत मालकाच्या हातात ठेवलं. लोकांना वाटलं गंमत करतोय. गंमत कसली करतोय, त्याला खरोखर कीव आली होती.

रिटायर झालेल्या अशा माणसाला घरात बसवणं म्हणजे घरच्यांना शिक्षा. वाण्याच्या बिलावर, औषधाच्या चिठ्ठीवर, सोसायटीच्या नोटिशीवर लाल पेन फिरायला लागलं. दादरच्या त्या दोन खोल्यांत अंबिकेचा जीव अगदी नकोसा झाला. तेवढ्यात लालबाग-परळच्या काही मंडळींनी ‘चाळकोश’ सुरू केला आणि ती सुटली.

चाळकोश म्हणजे संगणकावरचा विकी. कोणीही यावं, पान उघडावं, ‘संपादन’वर बोट दाबावं आणि आपल्या चाळीबद्दल लिहावं. त्यातलं ‘कोणीही’ जयवंतला पहिल्यापासून खटकलं. पण पान मांडायची त्यातली पद्धत त्याला भलतीच आवडली. शीर्षकाच्या दोन्ही अंगांना बरोबरची दोन-दोन चिन्हं. ठळक करायचं तर शब्दाच्या मागेपुढे तीन-तीन टिंबवजा अवतरणं. यादी हवी तर ओळीच्या तोंडाशी तारा. तक्त्याला महिरपी कंस आणि उभी रेघ. चार दिवसांत तो हे सगळं कोळून प्यायला. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांवर ओरडावं लागायचं. इथे ओरडायचीही गरज नव्हती, स्वतःच सगळं सरळ करता येत होतं.

आणि सरळ करण्यासारखं काय थोडं होतं? लोकांना काडीची अक्कल नाही. एकानं आपल्या आजोबांवर सबंध पान लिहिलं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत सगळं ठळक करून टाकलं. जयवंतनं ते साधं केलं आणि बदलाच्या कारणाच्या चौकटीत लिहिलं, ‘आजोबा ठळक असतील, वाक्यांनी तसं असण्याची गरज नाही.’ एका बाईनं शीर्षकाला एकाच बाजूला चिन्हं दिली, तर तिला लिहिलं, ‘दाराच्या चौकटीला एकच बाजू असते का?’ तीन महिन्यांत चौदा जणांनी लिहिणं सोडलं. जयवंतला त्याचं वाईट वाटलं नाही. कचरा कमी झाला, असंच तो म्हणाला.

तिथे त्यानं आपलं खरं नाव दिलं नव्हतं. ‘मुद्रितशोधक’ एवढंच. गावं-चाळी सांगत बसायची त्याला हौस नव्हती. कुणी विचारलंच, की तुम्ही मूळचे कुठले, तर तो म्हणायचा, दादर. आता खरं सांगायचं तर हा जन्मला लालबागच्या रतनशी चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, सत्तावीस नंबरच्या खोलीत. बाप गिरणीत साळखात्यात, मागावर. बापामागून आई गेली त्या वर्षी यानं खोली सोडली, तेव्हा हा सव्वीस वर्षांचा होता. परत त्या जिन्यावर पाय ठेवला नाही. चाळीतल्या माणसांना मोठ्यानं बोलता येतं, नीट बोलता येत नाही, हे त्याचं तेव्हापासूनचं मत.

आणि आता तीच रतनशी चाळ कोशात आली होती. कारणही तसंच होतं. चाळ पाडायची ठरली होती. बिऱ्हाडं हलायला लागली होती, कुणी कल्याणला, कुणी नालासोपाऱ्याला, नवी इमारत उभी राहीपर्यंत जिथे भाडं परवडेल तिथे. जाण्याआधी शेवटच्या रविवारी सगळ्यांनी चौकात जमायचं, कोशातलं चाळीच्या एकेका मजल्याचं पान मोठ्या फ्लेक्सवर छापून लावायचं आणि प्रत्येक घरानं आपल्या नावाखाली उभं राहून फोटो काढायचा. एकदा फुटलेली ही माणसं पुन्हा एका जागी दिसतील की नाही, देवालाच ठाऊक. त्या फ्लेक्सवर प्रत्येकजण आपल्या जागी सापडावा, एवढंच त्यांना हवं होतं.

दुसऱ्या मजल्याच्या पानाचं काम अठ्ठावीस नंबरच्या लतिका परबनं अंगावर घेतलं होतं. लतिका एका दवाखान्यात कागदपत्रं बघायची, आणि हे सगळं मोबाईलवर एका बोटानं लिहायची. ती एकेका बिऱ्हाडाला फोन करायची, लिंक पाठवायची आणि सांगायची, तुमची ओळ तुम्हीच लिहा. चाळीची ती जुनी रीतच होती. वर्षाच्या सत्यनारायणाला जिन्याखालच्या फळ्यावर नुसते खोल्यांचे नंबर घालायचे, आणि नंबरापुढे ज्या-त्या घरानं आपल्या हातानं नाव लिहायचं. दुसऱ्याच्या खोलीपुढे दुसऱ्यानं खडू लावायचा नाही. कुणी गावाला गेलं असेल, कुणाचं कुणाशी वाजलं असेल, तर ती जागा रिकामी राहायची. पुसायची मात्र नाही. जयवंतच्या बापानं उभ्या आयुष्यात लिहिलेला एकच शब्द असेल तर तो त्या फळ्यावरचा ‘खडपे’. जयवंतला तेव्हाही त्याची लाजच वाटायची, कारण बापाचा ‘ख’ मोडका यायचा.

तर त्या लतिकेचं पान जयवंतनं उघडलं आणि कपाळाला हात लावला.

चाळीच्या मधोमध लांब बोळ, आणि दोन्ही अंगांना समोरासमोर खोल्या. लतिकेनं पानही तसंच काढलं होतं. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चार-पाच मोकळ्या जागा, मग डावीकडचं घर, मग मोठी पोकळी, मग उजवीकडचं घर. आता विकीत ओळ मोकळ्या जागेनं सुरू केली की ती ओळ करड्या चौकटीत जाऊन पडते, टाइपरायटरसारख्या अक्षरात, आणि लांब असली तर पानाबाहेर लोंबते. ज्याला मांडणी कळते तो हे चुकूनसुद्धा करणार नाही. शिवाय मधेमधे तिनं स्वतःसाठी टिपा लिहिल्या होत्या, ‘यांना शुक्रवारी फोन’, ‘ह्यांचा मुलगा दुबईला’, सगळं चारचौघांना दिसेल असं.

जयवंतनं चर्चेच्या पानावर तिला झापलं. ‘मॅडम, हे पान आहे, दुधाच्या पिशव्यांचा हिशेब लिहायचा कागद नाही. सूचना लिहायच्याच असतील तर त्या लपवायची चिन्हं असतात. त्या चिन्हांमध्ये लिहिलं की फक्त संपादन करणाऱ्याला दिसतं, वाचणाऱ्याला नाही. शिकून घ्या.’ आणि खाली ती चिन्हं दिली.

लतिकेचं उत्तर आलं. ‘आभारी आहे सर. शिकले. पण ओळी अशाच राहू द्या, ज्याच्या समोर जो राहायचा तो तिथेच दिसला पाहिजे.’

‘सर’ म्हणाली म्हणून त्याला जरा बरं वाटलं. बाकीचं त्यानं मनावर घेतलं नाही. असल्या लोकांचं मनावर घ्यायचं तर कामं कधी व्हायची?

फ्लेक्सवाल्याला फाइल द्यायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, अंबिका भाजी आणायला खाली गेली होती तेव्हा तो बसला. ओळींच्या तोंडच्या सगळ्या मोकळ्या जागा त्यानं उडवल्या. छानपैकी तक्ता बांधला. खोली, कुटुंब, गाव, व्यवसाय. नावं अकारविल्हे लावली, आंब्रे वर, हळदणकर खाली. आता कसं, शाळेच्या हजेरीपटासारखं चोख दिसायला लागलं.

अकारविल्हे लावल्यावर चार ओळी वर येऊन बसल्या, कारण त्यांत नावच नव्हतं, नुसते नंबर होते. त्यातला एक सत्तावीस.

जयवंत थांबला. त्याची अपेक्षा काही नव्हती, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण त्याला लागलं. तेहतीस वर्षं बाप त्या खोलीत राहिला, आई तिथेच गेली, आणि अठ्ठावीस नंबरच्या या बयेला समोरच्या घराचं नाव लिहावंसं वाटू नये? आई आजारी असताना हिच्याच घरून पेज यायची. एवढं येणंजाणं होतं आणि नाव तेवढं विसरली. कृतघ्न लोक, तो मोठ्यानं म्हणाला. मग ‘रिकाम्या ओळी काढल्या’ असं कारण देऊन त्यानं चारही ओळी पुसल्या.

लपवलेल्या टिपा नऊ होत्या. शोधून एकदम काढून टाकायची सोय असते, ती त्यानं वापरली. एकतीस वर्षं ज्यानं प्रत्येक अक्षर दोनदा वाचलं, त्यानं त्या नऊ टिपा एकदाही वाचल्या नाहीत. लतिका परबच्या टिपेत वाचण्यासारखं काय असणार?

शनिवारी सकाळी लतिकेनं चर्चेच्या पानावर लिहिलं, ‘सर, रिकाम्या ओळी मुद्दाम ठेवल्या होत्या.’ यानं उत्तर दिलं, ‘रिकामी ओळ म्हणजे माहिती नव्हे.’ तोवर फाइल गेलीही होती. त्यानंच हौसेनं पाठवली होती, कडेचा समास कापून, जागा वाया जाऊ नये म्हणून रेघा घट्ट बसवून.

आता मुकाट्यानं घरी बसावं की नाही? पण स्वतःचं काम मोठ्या आकारात बघायचा मोह कुणाला सुटलाय. रविवारी दहाच्या सुमारास तो लालबागला उतरला. ओळखणार कोण, असा त्याचा हिशेब. चौकात खुर्च्या मांडल्या होत्या, चहाची किटली फिरत होती, आणि जिन्याखाली, जिथे पूर्वी फळा होता तिथे, दुसऱ्या मजल्याचा तक्ता लावला होता. लांबूनही रेघ न् रेघ स्वच्छ दिसत होती. जयवंतला समाधान वाटलं.

पण माणसं तक्त्यापुढे नुसती घुटमळत होती. फोटोवाला म्हणायचा, आपापल्या जागी उभे राहा, आणि कुणाला आपली जागा कळेना. एक्केचाळीस नंबरच्या सुंदराबाई, नव्वदीच्या, नातीचा हात धरून उभ्या होत्या. त्यांचं नाव त्यांना सापडलं. ते हळदणकरांच्या वर होतं, आणि हळदणकर तर पार जिन्याशी राहायचे. म्हातारी बोट फिरवत राहिली.

“समोरचा घर खंय आसा गो?” तिनं विचारलं.

नातीनं शोधलं आणि म्हणाली, “वर आहे आजी, कुठेतरी.”

“वर कशाक? समोर होता ना,” म्हातारी म्हणाली आणि जाऊन खुर्चीत बसली.

एवढंही कळत नाही, असं जयवंतच्या तोंडावर आलं होतं. ते बाहेर पडलं नाही, कारण मागून कुणीतरी म्हणालं, “आलास ना, जयवंतदादा.”

लतिका होती. केस पांढरे झालेले, डोळ्यांवर चष्मा, पण तीच.

“तू ओळखलंस?” तो म्हणाला.

“पहिल्याच मेसेजला. दुधाच्या पिशव्यांचा हिशेब म्हणालास तेव्हाच. लहानपणी माझी वही बघून तू हेच म्हणायचास.” ती चिडलेली नव्हती, दमलेली होती. “सर म्हटलं, कारण तुला ओळख द्यायची नव्हती. म्हटलं, राहू दे, पान तर बघतोय ना, एक दिवस लिहील.”

“काय लिहील?”

“तुमची ओळ. सत्तावीसची. तुझ्या घराचं नाव मी कसं लिहिणार? म्हणून जागा सोडली आणि आत टीप ठेवली, तू शिकवलंस तशी लपवून. ‘खडप्यांची खोली. जयवंतदादा स्वतः लिहील. कुणी भरू नये.’” तिनं तक्त्याकडे पाहिलं. “तू ती वाचूनच काढलीस असं मला वाटलं. म्हटलं, नसेल लिहायचं त्याला. म्हणून काल भांडले नाही.”

जयवंतला टीप वाचलीच नाही एवढं सांगायचं होतं. तेवढंच त्याला सांगता येईना, कारण मुद्रितशोधकाच्या तोंडी ते वाक्य कधी आलंच नव्हतं. मेलेल्या आईसमोर चोरी पकडली जावी तशी त्याला शरम वाटली.

“आलायस तर आता लिही,” लतिका म्हणाली. तिनं पर्समधून काळा जाड मार्कर काढला, त्याचं टोपण काढलं आणि मार्कर त्याच्या हातात दिला. “समोर मी आहेच. दोघांचा एक फोटो काढू.”

तो तक्त्याजवळ गेला. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. त्यानं वरून खाली पाहिलं, मग खालून वर. आंब्र्यांवर शीर्षक चिकटलं होतं. हळदणकरांखाली फ्लेक्स संपत होता. कडेला समास नव्हता, दोन ओळींमध्ये मार्करचं टोक मावेल एवढीही फट नव्हती. सव्वीस एकीकडे होता, अठ्ठावीस दुसरीकडे, आणि मधे दुसऱ्याच कुणाकुणाची घरं, आपापल्या चौकटीत नीट बसवलेली.

“कुठे लिहू?” त्यानं विचारलं.

लतिकाही शोधायला लागली. टोपण अजून तिच्या हातात होतं.